दोष नेमका कोणत्या थरात?

पुणे,
रविवार

प्रिय अभय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतोस, बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पोकळ वाजतो, उगाच डोक्यावर घेतलाय. लेड झेपेलिन या बँडचा ‘लेड झेपेलिन ४’ गढूळ आहे, त्यातलं ‘ब्लॅक डॉग’ हे गाणं तालात चुकतं आणि ‘स्टेअरवे टू हेवन’च्या शेवटी आवाज फाटतो. आणि पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ मात्र निर्दोष. तुझे हे तिन्ही निकाल मला मान्य नाहीत. पण नुसतं ‘नाही पटत’ म्हणून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा मुख्य आक्षेप तुझ्या कानाबद्दल नाही. तू ऐकलंस ते खरंच ऐकलंस. आक्षेप हा की तू चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजतोस. अल्बमला चार थर असतात. पहिला थर गाणं आणि त्याची रचना. दुसरा रेकॉर्डिंग, म्हणजे खोली, माइक, टेप. तिसरा मिक्स, म्हणजे कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे. चौथा मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, आणि तबकडीची कापणी, म्हणजे तिच्यात खाच कोरणं. तबकडी वाजवणारं आपलं यंत्र हा पाचवा थर धर हवं तर. दोष ज्या थरातला असेल त्याच थराच्या माथी मारला पाहिजे. तू चौथ्या थराचा गुन्हा पहिल्या थरावर लावतोस, आणि मग गाणी रचणारे लेनन-मॅकार्टनी विनाकारण फासावर जातात.

‘पेपर’पासून सुरुवात करू. तू ऐकतोस तो १९६७ चा स्टिरिओ मिक्स, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा आवाज असलेला. त्या काळी इंग्लंडात बहुतेक घरांत मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने देणारे प्लेअर होते, त्यामुळे मोनो मिक्स हेच खरं काम समजलं जाई. बीटल्स स्वतः हजर राहून, निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमेरिक यांच्यासोबत, मोनोवर आठवडेच्या आठवडे बसले. स्टिरिओ मिक्स नंतर अवघ्या काही दिवसांत, बँड खोलीत नसताना उरकला. ड्रम्स एका कडेला, गाणारा दुसऱ्या कडेला, मधे मोकळं मैदान, हे जे तुला खटकतं ते तिथून आलं. चार ट्रॅकच्या टेपवर एकेका ट्रॅकमध्ये आधीच दोन-तीन वाद्यं एकत्र बांधलेली असत. ती सुटी करता येत नसल्यामुळे अख्खं गाठोडं उचलून डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवावं लागे.

ही गाठोडी कशी बांधली जात ते समजून घे, कारण ‘पोकळ’ या शब्दाचं अर्धं उत्तर तिथे आहे. अ‍ॅबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत स्टुडरची जे-३७ ही चार ट्रॅकची यंत्रं होती. चारही ट्रॅक भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वाद्यांना जागा होते. याची किंमत दुहेरी. टेपची सरसर प्रत्येक नव्या प्रतीत, म्हणजे ‘पिढीत’, वाढत जाते. आणि त्याहून मोठी किंमत म्हणजे उतरवताना जो तोल ठरला तो कायमचा ठरला. ड्रम्स कमी पडले तर पुन्हा वाढवायची सोय नाही. मॅकार्टनीचा बेस मात्र पुष्कळदा सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर भरला गेला. म्हणून तो सगळ्यात कमी पिढ्या ओलांडून येतो आणि इतका टवटवीत, गाता वाटतो. पुढच्या वेळी फक्त बेस ऐक. दुसरं काही नको.

मोनो आणि स्टिरिओ यांत नुसता कडेचा फरक नाही, बरं का. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये वेगवान आहे आणि साधारण अर्ध्या सुराने वर आहे, कारण मोनो करताना टेपचा वेग वाढवला आणि स्टिरिओ करताना कुणी ते पाळलं नाही. तू त्या गाण्याला ‘रडकं’ म्हणतोस. मोनोत ते रडत नाही, हलकं होऊन चालू लागतं. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’मध्ये लेननच्या आवाजाला जो घुसळल्यासारखा परिणाम दिलाय तो मोनोत ठळक, स्टिरिओत जवळपास गायब. शेवटाकडच्या ‘रिप्राइज’मध्ये, म्हणजे शीर्षकगीत पुन्हा येतं तिथे, मॅकार्टनी गर्दीवरून ओरडतो ते मोनोत स्पष्ट, स्टिरिओत शोधावं लागतं.

इथे एक चूक सगळे करतात, तू करू नकोस. अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं म्हणजे मोनो मिक्स मिळत नाही. स्टिरिओच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या की मधोमध असलेली वाद्यं कडेच्या मानाने सुमारे ३ डेसिबलने वर येतात आणि तोल आणखीच बिघडतो. खरा मोनो मिक्स हवा असेल तर २००९ चा सीडी संच किंवा २०१४ ची मोनो एलपी. स्टिरिओच हवा असेल तर २०१७ चा, जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स याने केलेला मिक्स. त्याने गाठोडी बांधण्याआधीच्या मूळ टेपा काढल्या, म्हणून ड्रम्स मधे आणता आले, आणि त्याने मार्गदर्शक धरला तो मोनो मिक्सच. म्हणजे तुझी तक्रार पन्नास वर्षांनी का होईना, त्यांनीही मान्य केली. पण ती तक्रार मिक्सबद्दल होती, गाण्यांबद्दल नव्हती.

आता पहिल्या थरातला दोष मी स्वतः सांगतो, कारण तो आहे. ‘कन्सेप्ट अल्बम’ (एकाच कल्पनेभोवती गुंफलेला) हे बिरुद ‘पेपर’ला पेलत नाही. काल्पनिक बँडची कल्पना पहिल्या दोन गाण्यांत आणि ‘रिप्राइज’मध्ये आहे, मधल्या गाण्यांचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि आपल्या गाण्यांचा तिच्याशी संबंध नसल्याचं लेनननेच पुढे सांगितलं होतं. दुसरं म्हणजे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही याच सत्रांतली दोन गाणी फेब्रुवारी १९६७ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे वेगळ्या छोट्या तबकडीवर, निघाली आणि त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे अल्बममधून वगळली गेली. मार्टिनने ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक मानली. ‘गुड मॉर्निंग’च्या जागी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ ठेवून बघ. दुसरी बाजू एकदम वजनदार होते.

पण ‘विदिन यू विदाउट यू’ वगळायला मी तयार नाही. तू सुई उचलून पुढे नेतोस असं लिहिलंस, याचं मला खरंच वाईट वाटलं. १९६६ च्या शरदात हॅरिसन मुंबईत रविशंकरांकडे सतार शिकून गेला होता, आणि ही त्याची पुढची पायरी आहे. बाकीचे तिघे बीटल्स यात नाहीत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक आहेत. दिलरुबा, तबला, स्वरमंडळ, तानपुरा. रचना खमाज थाटाच्या अंगाने जाते, ठेका सोळा मात्रांचा, आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यात दहा मात्रांवर येतो. दिलरुबा गळ्यामागे कसा जातो ते ऐक, गायकाला सारंगीची साथ असते तसा. मग मार्टिनने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो बसवले. पाश्चात्त्य शिक्षणाच्या वादकांकडून मींड काढून घेणं किती अवघड असेल ते तुला सांगायला नको. काही जागी स्वर मींडेतून न येता घसरल्यासारखा येतो, ते मला जाणवतं. तो दोष म्हण, मी हरकत घेणार नाही. पण तो प्रयत्नाचा दोष आहे आणि मला तो प्रिय आहे.

‘झेपेलिन ४’बद्दल तू म्हणतोस गढूळ. यातला काही भाग खरा आहे. अल्बमचा मोठा हिस्सा हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या दगडी इमारतीत, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दारात उभा करून रेकॉर्ड झाला. काही काम लंडनच्या आयलंड स्टुडिओत. अँडी जॉन्स इंजिनिअर. पहिला मिक्स लॉस एंजलिसच्या सनसेट साउंडमध्ये झाला, लंडनला परत येऊन ऐकला तर निराशा झाली, आणि एक गाणं सोडून सगळं पुन्हा मिक्स करावं लागलं. ते एक गाणं म्हणजे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’.

त्या गाण्यातल्या ड्रम्सबद्दल थोडं लांबण लावतो, कारण रॉकच्या इतिहासातला हा माझ्या मते सर्वांत शहाणा निर्णय आहे. झेपेलिनचा ड्रमर बोनम याचा संच जिन्याच्या तळाशी हॉलमध्ये मांडला. ड्रम्सच्या जवळ एकही माइक नाही. वर जिन्यावरून खाली तोंड करून बायरडायनॅमिकचे दोन एम-१६० रिबन माइक. त्यांचा आवाज बिन्सनच्या एकोरेक या प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून आणि जोरदार कॉम्प्रेशनमधून गेला. कॉम्प्रेसर काय करतो? मोठा ठोका दाबतो आणि ठोका संपल्यावर मागे उरलेला खोलीचा आवाज वर खेचतो. म्हणून दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी राहत नाही, ती श्वास घेते. मिक्स करताना टेपही हळू चालवली, त्यामुळे सगळं खाली उतरलं आणि जाड झालं. याची दुसरी बाजू अशी की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि झांजा एकमेकांत वितळल्या आहेत. आज कोणी कितीही प्रयत्न केला तरी ‘फक्त स्नेअर जरा उघड करा’ हे शक्य नाही. तू ज्याला गढूळ म्हणतोस ते हेच असेल, तर तो अपघात नाही. त्यांनी परतीची वाट बंद करून टाकली होती आणि गाण्याला तेच हवं होतं. पुराचं गाणं आहे. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी रेकॉर्ड केलेलं. स्वच्छ ड्रम्सवर ते उभं राहिलं नसतं.

‘ब्लॅक डॉग’ तालात चुकत नाही, अभय. तबला ऐकणाऱ्या माणसाने असं लिहावं याचं आश्चर्य वाटलं. बोनम सरळ चारच्या ठेक्यावर आहे. गिटार आणि बेसची ओळ, बेसवादक जॉन पॉल जोन्सने रचलेली, चारात न बसणाऱ्या लांबीची आहे, त्यामुळे ती प्रत्येक फेरीत ठेक्यावरून पुढे सरकते आणि शेवटी पुन्हा गाठीला येते. टाळी ड्रम्सबरोबर दे, गिटारबरोबर नको. समेवर दोघं भेटलेले ऐकू येतील. आवाज अगदी वाढवलास तर गायक प्लांटची ओळ संपून बँड आत शिरण्याआधी काठ्यांची बारीक टकटक ऐकू येईल. ती खूण पुसायची राहून गेली आहे, आणि हा खराखुरा दुसऱ्या थराचा दोष. त्याच अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ मात्र मला अर्धवट वाटतं. पाच आणि सहाच्या मात्रांची अदलाबदल आहे, बोनम प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, तरी ठेका ओढल्यासारखा राहतो. गिटारवादक पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर हेच गाणं पुन्हा करून पाहिलं; ते रेकॉर्डिंग २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आलं. तबल्यावर तीच अदलाबदल सहज वाहते. दोन्ही लागोपाठ ऐक. रचना बरी होती, मूळ अल्बममधली मांडणी तिला जड झाली, असं माझं मत आहे.

आता ‘स्टेअरवे’च्या शेवटी फाटणारा आवाज. हा सरळसरळ चौथ्या आणि पाचव्या थराचा मामला आहे. १२ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. सर्वांत बाहेरच्या खाचेशी त्रिज्या सुमारे १४६ मिमी, आतल्या टोकाशी सुमारे ६०. म्हणजे सुईखालून खाच सुरुवातीला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, शेवटी फक्त २१. तोच तीव्र, तीक्ष्ण आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागतो. लाटा इतक्या दाटीवाटीच्या होतात की गोल टोकाची सुई त्यांच्या दरीत उतरूच शकत नाही. ‘स’ आणि ‘श’ चरचरतात, झांजा कुरकुरतात. म्हणून जाणते लोक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवत. इथे पहिली बाजू आहे जवळपास साडेबावीस मिनिटांची, आणि तिच्या अगदी आतल्या खाचांत प्लांट सर्वांत वरच्या पट्टीत गातोय. गाण्याच्या चढणीने मागितलेली जागा आणि तबकडीला परवडणारी जागा एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. ‘पेपर’चं शेवटचं गाणं ‘अ डे इन द लाइफ’, त्यालाही हाच त्रास. ४० वादक आपापल्या वाद्याच्या खालच्या स्वरावरून चोवीस मात्राखंडांत वरपर्यंत चढतात, आणि तेच चार वेळा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवलेलं. ती चढण दुसऱ्यांदा येते तेव्हा सुई अगदी आत असते. त्यानंतरचा पियानोचा शेवटचा ई-मेजर स्वरसमूह मात्र सुखरूप राहतो, कारण तो हळूहळू मंदावत जाणारा, खालच्या सुरांचा आवाज आहे. तो मंदावत असताना इंजिनिअर पातळी वर वर नेत होता, म्हणूनच शेवटी खुर्चीची कुरकुर ऐकू येते.

पण निकाल देण्याआधी आपलं यंत्र तपास. तबकडी धू, कोरडी होऊ दे. सुईचा दाब डिजिटल काट्यावर मोज. तुझ्याकडच्यासारख्या लंबगोल टोकाच्या साध्या सुईला बहुधा २ ग्रॅमच्या आसपास लागतो, नेमका आकडा कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर असेल. दाब कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तीच फोडते. मग कार्ट्रिज सरळ बसलंय का ते बघायला दोन बिंदूंचा कागदी मापक छापून घे. नेहमीच्या आखणीत हे बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर असतात. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेषांना समांतर दिसलं पाहिजे. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेव, नाहीतर मापच चुकतं आणि तास वाया जातो. एवढं करून फाटणं एकाच कानात जास्त असेल तर अँटी-स्केटिंग (सुईला मध्याकडे ओढणारा जोर तोलणारी कळ) किंवा सुईचा कल बघ. दोन्ही कानांत सारखं, आणि त्याच तबकडीवर त्याच जागी असेल, तर बहुधा आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खाच खराब केलेली आहे. त्याला इलाज नाही; दुसरी प्रत.

कापणीचा दोष उलट्या बाजूनेही होतो. ‘लेड झेपेलिन २’ ची इंजिनिअर बॉब लुडविगने १९६९ मध्ये केलेली कापणी इतकी दणदणीत होती की स्वस्त प्लेअरवर सुई उडू लागली. मग बेस कमी करून पुन्हा कापली. गाणी तीच, टेप तीच, आणि ‘ढोबळ’ ते ‘भन्नाट’ एवढा मतांचा फरक नुसत्या कापणीमुळे. डिजिटलमध्ये तर लगामच सुटला. ‘रॉ पॉवर’ हा स्टूजेस या बँडचा १९७३ चा अल्बम डेव्हिड बोवीने मिक्स केला, तो पातळ म्हणून नावं ठेवली गेली. बँडचा गायक इगी पॉप याने १९९७ मध्ये स्वतः नवा मिक्स केला आणि पातळी इतकी चढवली की लाटांची टोकंच छाटली गेली. मला जुना आवडतो. पातळ आवाज आपण घरी वाढवून घेऊ शकतो. छाटलेलं टोक परत आणता येत नाही.

‘डार्क साइड’ निर्दोष आहे हे मात्र मी ऐकून घेणार नाही. रेकॉर्डिंग आणि मांडणी यांत त्याला तोड नाही, हे कबूल. अ‍ॅलन पार्सन्स या इंजिनिअरचं सोळा ट्रॅकवरचं काम आणि १९७२ भर मंचावर वाजवून घासून घेतलेला क्रम. ‘मनी’च्या सुरुवातीचे आवाज सात मात्रांना सात. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र, प्रत्येक तुकडा पट्टीने मोजून कापून चिकटवलेला. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या मात्रेला साडेसात इंच लागतात. पाव इंच इकडेतिकडे झालं तरी लंगडणं ऐकू येईल. पण रचना म्हणून ‘ऑन द रन’ काय आहे? ईएमएस सिंथी या सिंथेसायझरमध्ये भरलेली आठ स्वरांची ओळ, वेगाने फिरवलेली, फिल्टर उघडत-मिटत, पावणेचार मिनिटं. १९७२ च्या कार्यक्रमांत त्या जागी गिटारचा एक तुकडा होता. नव्या यंत्राचा आवाज तेव्हा थरारक होता. आता यंत्राची नवलाई गेली आणि आठ स्वर उरले. ‘एनी कलर यू लाइक’ही मला जोडणीचं गाणं वाटतं. आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’? त्यातली गायिका क्लेअर टोरीला त्या गायनाचे ३० पौंड मिळाले आणि रचनेत तिचं नाव यायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात गेल्यावर. ती सुरावट तिने उभ्या-उभ्या निर्माण केली होती. संगीताचा दोष नाही, पण अल्बमच्या हिशेबात हे मी धरतो.

आता तुझ्यासाठी काम. ‘पेपर’चे तीन मिक्स मिळव: १९६७ चा स्टिरिओ, मोनो, २०१७ चा. तुलना करण्याआधी आवाजाची पातळी सारखी कर. १ डेसिबलने मोठा असलेला मिक्स आपल्याला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, आणि बहुतेक भांडणं इथेच नासतात. प्लेअरमध्ये रिप्लेगेन (पातळी आपोआप सारखी करणारी सोय) चालू ठेव, किंवा फोनवरच्या ध्वनिमापकाने खुर्चीच्या जागी मोजून मोठा असेल तो खाली आण; लहान वर नेऊ नकोस, टोकं छाटली जातील. पूर्ण गाणं नको, एकच मिनिट घे. ‘शीज लीव्हिंग होम’चं पहिलं, आणि ‘लूसी’चं पहिलं. वहिनींना बटण दाबायला सांग, तुला कोणता चालू आहे ते कळता कामा नये. दहा वेळा कर आणि लिहून ठेव.

आणि तुझ्या ‘झेपेलिन ४’वर, सुईच्या शेवटच्या खाचेनंतर मध्याजवळ जी कोरी जागा असते, तिथे काय कोरलंय ते तिरप्या उजेडात वाचून कळव. कोणती कापणी आहे ते समजलं की फाटण्याबद्दल मला पक्कं बोलता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास